माशाआधी पाणी
धरणकाठच्या आदिवासी कुटुंबांसाठी मत्स्यशेती : एक अभ्यासपाठ



धरणकाठच्या कातकरी वस्त्यांना मत्स्यशेतीसाठी मदत करता येईल का, असे आपल्यापैकी अनेकांनी विचारले आहे. काहींनी जाळ्यांसाठी, काहींनी पिंजऱ्यांसाठी देणगी देण्याची तयारीही दाखवली आहे. म्हणून या अंकाचा अभ्यासपाठ याच विषयावर घेतला आहे. मलकापूरच्या अभ्यासवर्गासाठी मी काढलेली टिपणे येथे सविस्तर मांडतो. मंडळीत, महिला संघात किंवा तरुण संघात हा पाठ दोन बैठकांत वाचून होईल. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

पाठाचा मुद्दा आधीच सांगतो. मत्स्यशेतीला चार गोष्टी लागतात : पाण्यावरचा हक्क, बीज, भांडवल आणि बाजार. त्यांचा क्रमही हाच आहे. मदत करणारे बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतात आणि पहिली विसरतात.

१. आपल्याकडची बेटे

बेट म्हटले की अंदमान किंवा लक्षद्वीप डोळ्यांसमोर येते. पण कराडहून पाटणमार्गे कोयनानगरला जा, किंवा साताऱ्याहून बामणोलीला उतरा, म्हणजे आपल्या जिल्ह्यातली बेटे दिसतील. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. त्याच्या शिवसागर जलाशयाने खोऱ्यातली जुनी वाट, बाजार आणि शेजार पाण्याखाली घेतला. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या लोकांना तापोळा-बामणोलीकडे यायला आजही लाँचचाच आधार आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीचा कडा आणि मध्ये जंगल. नकाशात ते बेट नसेल, पण आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे झाले की ते बेटच असते.

कोयनेखेरीज कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, आणि सांगली-कोल्हापूरच्या सीमेवर वारणेचे चांदोली अशी धरणे आपल्या भागात आहेत. धरण झाले की काठावर दोन प्रकारची माणसे राहतात. एक, ज्यांची जमीन बुडाली पण जी वर सरकून तिथेच राहिली. दुसरी, ज्यांच्या नावावर कधी जमीनच नव्हती. वाई-जावळीकडच्या धरणकाठांवर राहणारे कातकरी या दुसऱ्या प्रकारातले.

कातकरी समाजाचे नावच त्यांच्या जुन्या धंद्यावरून पडले. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलाचे कायदे आले, खैर तोडायला बंदी झाली आणि धंदा गेला. मग कोळसाभट्टी, वीटभट्टी आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी उरली. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. मासे धरणे मात्र त्यांच्या हातातून सुटले नाही. ओढ्याला बांध घालून, हाताने, गळाने, फेकजाळ्याने ते मासे धरतात. धरणात हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळे लावणारा कातकरी आपण अनेकांनी पाहिला असेल.

माणसाला मासा देऊ नका, मासे धरायला शिकवा, असे आपल्या सभांतून वारंवार सांगितले जाते. पण कातकऱ्याला मासे धरायला कोण शिकवणार? त्या विषयात आपणच त्यांचे विद्यार्थी आहोत. त्यांना कमी पडते ते वेगळेच आहे.

२. पाणी कोणाचे?

धरणकाठच्या एका वस्तीवर मत्स्यबीजाची माहिती सांगायला बसलो होतो. बटाट्याच्या पिशवीवर बसलेल्या एका आजीबाईंनी मध्येच विचारले, “दादा, बी आमचं, मेहनत आमची, पण पाणी कुनाचं?” या प्रश्नाचे उत्तर समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

धरणाचे पाणी सिंचन खात्याच्या ताब्यात असते. त्यातल्या माशांचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठराविक वर्षांच्या ठेक्याने देतो. ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो. ही संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असावी लागते. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण संस्थेचे सभासद कोण, हे पाहिले पाहिजे. पाण्यात उतरणारा माणूस सभासद नसेल, तर तो स्वतःच्या वस्तीसमोरच्या पाण्यात मजूर ठरतो, किंवा चोर ठरतो. एका धरणावर एका सेवाभावी गटाने वाटलेली नवी जाळी ठेकेदाराच्या माणसांनी पहिल्याच आठवड्यात काढून नेली. त्यांच्या दृष्टीने ती चोरीचीच जाळी होती. देणारे चांगले होते आणि घेणारेही प्रामाणिक होते. पाण्याचा हक्क मात्र तिसऱ्याच्याच नावावर होता.

कायद्याची दोन साधने येथे उपयोगी पडतात. त्यांची मर्यादाही समजून घ्यावी.

पहिले साधन पेसा कायदा, १९९६. अनुसूचित क्षेत्रात लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे असावे, असे तो सांगतो. पण सातारा आणि सांगली हे जिल्हे अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत. पालघर, नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या कार्यकर्त्यांचे अनुभव वाचून आपण तेच येथे करू गेलो, तर पहिल्याच कार्यालयात अडखळू.

दुसरे साधन वनहक्क कायदा, २००६. तो जिल्हा पाहून लागू होत नाही. जंगलजमीन जिथे आहे तिथे लागू होतो आणि अभयारण्यही त्यातून वगळलेले नाही. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांच्या यादीत जलसाठ्यातले मासे आणि इतर उत्पादने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दावा ग्रामसभेत सुरू होतो. वनहक्क समिती तो तपासते, मग उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हास्तरीय समिती. दाव्यासाठी पुरावे लागतात : वडीलधाऱ्यांचे जबाब, जुन्या नोंदी, मासे धरण्याच्या जागांचा नकाशा. लिहिता-वाचता येणाऱ्या आपल्या तरुणांना येथे मोठे काम आहे आणि त्याला पैसा फारसा लागत नाही.

कोयनेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोयना अभयारण्य १९८५ सालचे आहे आणि २०१० पासून कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. अशा ठिकाणी वन विभागाच्या वन्यजीव शाखेशी आधी बोलल्याशिवाय नाव, जाळे किंवा पिंजरा यांचा विचारही करू नये.

३. डिंभ्याचा धडा

आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगराखाली घोड नदीवर डिंभे धरण आहे. धरणात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबांच्या जमिनी आणि वाटा गेल्या. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने या लोकांबरोबर अनेक वर्षे काम केले. डोंगरउतारावर पडकई, म्हणजे दगडी बांध घालून भाताची खाचरे तयार करणे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेणे. आणि तिसरे म्हणजे जलाशयातली मासेमारी. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आपल्यासाठी महत्त्वाचे आहे ते कामाचे स्वरूप. डिंभ्याचे बहुतेक लोक मुळात शेतकरी. मोठ्या पाण्यातली मासेमारी त्यांना नवी होती. त्यांनी आधी स्वतःची सहकारी संस्था उभी केली आणि आपल्याच शेतांवर साठलेल्या पाण्यातल्या माशांचा हक्क मागितला. मुंबईच्या वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या तज्ज्ञांनी त्यांना जाळीच्या पिंजऱ्यात मत्स्यबीज वाढवण्याचे प्रशिक्षण दिले. संघटना, हक्क आणि शास्त्र एकाच ठिकाणी आले.

दुसरी गोष्ट अशी की तेथे मासे हा एकमेव आधार नव्हता. खाचरातला भात, गाळपेरीचे पीक आणि मासे अशा तीन पायांवर कुटुंब उभे होते. एखाद्या वर्षी पाणी कमी साठले, तरी चूल विझली नाही. आपल्या मदतीच्या योजनेतही एकाच गोष्टीवर सगळा भार टाकू नये.

४. तव्याचा धडा

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातले आहे. होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या तवा धरणाने गोंड आणि कोरकू आदिवासींची गावे उठवली. किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यानंतर १९९६ साली सरकारने विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला, तवा मत्स्य संघाला, जलाशयातल्या मासेमारीचा हक्क पाच वर्षांसाठी दिला. २००१ साली तो आणखी पाच वर्षांसाठी वाढला. संघाने बीज सोडले, पावसाळ्यातली बंदी पाळली, चोरट्या मासेमारीवर पहारा ठेवला आणि मासा स्वतः बाजारात नेला. ज्यांना अडाणी म्हटले जात होते, त्यांनी एवढा मोठा जलाशय नीट सांभाळून दाखवला.

मग २००६ चा डिसेंबर आला. करार संपला. जलाशयाचा परिसर सातपुड्याच्या संरक्षित वनक्षेत्राला लागून असल्याचे कारण पुढे आले आणि नूतनीकरण झाले नाही. दहा वर्षांचे काम एका सहीअभावी अडले. त्याच महिन्यात संसदेत वनहक्क कायदा मंजूर झाला, हेही नोंदवून ठेवावे.

डिंभे आणि तवा ही उदाहरणे एकत्र वाचली की धडा स्पष्ट होतो. प्रशिक्षण आणि कष्ट यांनी मासा वाढतो. पण ठेका म्हणजे मुदतीचे कर्ज आहे आणि हक्क म्हणजे वारसा. लोकांना आपण वारशाकडे नेले पाहिजे. तोवर ठेक्याच्या नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावी आणि अर्ज वर्षभर आधी तयार करावा.

५. बीज : पाळणा कसा बांधावा

आता शास्त्राचा भाग. कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्याकडचे मुख्य वाढवायचे मासे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघे एकत्र असले तरी एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. पण हे मासे पावसाळ्यात वाहत्या नदीत अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात त्यांचे प्रजनन सहसा होत नाही. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन यशस्वी केले, आणि बीज केंद्रात तयार होऊ लागले. तो दिवस आता देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

बीजाच्या अवस्था तीन. अंड्यातून नुकतेच निघालेले जिरे, त्यानंतर अर्धबोटुकली आणि शेवटी बोटाएवढी बोटुकली. स्वस्त म्हणून लोक लहान बीज आणून सरळ धरणात सोडतात. धरणात मरळ, वाम असे शिकारी मासे असतात. लहान बीज म्हणजे त्यांचा नाश्ता. म्हणून मोठ्या जलाशयात किमान १० सेंटीमीटरची बोटुकलीच सोडावी.

बोटुकली विकत घेणे महाग पडते आणि दुरून आणताना वाटेत बरीच मरते. यावर उपाय पिंजऱ्याचा. पिंजरा म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या चौकटीला खाली सोडलेले जाळे. पिंजऱ्याचे दोन उपयोग आहेत. एक, त्यात मासा विक्रीएवढा मोठा करणे. दुसरा, त्यात अर्धबोटुकली आणून दोन-तीन महिन्यांत बोटुकली करणे आणि मग ती जलाशयात सोडणे. पहिल्याला मी कोठार म्हणतो, दुसऱ्याला पाळणा. माझे आग्रहाचे मत असे की आपल्या वस्त्यांनी सुरुवात पाळण्यापासून करावी. त्याला बारीक आसाचे जाळे, शेंगदाणा पेंड, भाताचा कोंडा आणि रोज लक्ष देणारी दोन माणसे पुरतात.

काय सोडू नये, हेही शिकवले पाहिजे. थाई मागूर या माशावर देशात २००० सालापासून बंदी आहे. तो इतर माशांचा फडशा पाडतो. चिलापी आपल्या नद्यांत आणि तलावांत इतकी माजली आहे की जाळ्यात दुसरे काही येईनासे झाले, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. कृष्णेच्या उगमाकडच्या ओढ्यानद्यांत जगात इतरत्र न सापडणाऱ्या माशांच्या जाती आहेत. त्यांच्या घरात आपण परके शिकारी सोडू नयेत. मासा राखण्याची परंपरा आपल्या लोकांना नवी नाही. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून महासीर पिढ्यान्पिढ्या राखलेले आहेत. श्रद्धा कोणाची का असेना, राखलेला डोह खालच्या सगळ्या नदीला बीज पुरवतो. जलाशयातही एखादा कोपरा असाच न मारता राखावा.

पिंजरा कुठे लावायचा, हे उन्हाळ्यात जाऊन पाहून ठरवावे. सप्टेंबरात धरण तुडुंब दिसते. मे महिन्यात सिंचनाला पाणी गेले की तोच पिंजरा चिखलात बसतो. पिंजऱ्याच्या तळाखाली निदान चार-पाच मीटर पाणी राहील, अशी जागा हवी. ती जागा कोणती, हे वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना नकाशाशिवाय ठाऊक असते.

६. पैशाचा हिशेब

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली सुरू झाली. जलाशयातल्या एका पिंजऱ्याचा खर्च तीत ३ लाख रुपये धरला आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींना ६० टक्के अनुदान असते. म्हणजे आदिवासी कुटुंबाला १ लाख ८० हजार अनुदान, आणि स्वतःचा वाटा १ लाख २० हजार. हा वाटा रोजंदारीवरच्या कुटुंबाने आणायचा कुठून? त्यामुळे योजना आदिवासींच्या नावाने असते आणि पैसा लावणारा दुसराच कोणी असतो.

कोठार पद्धतीचा हिशेब मी अभ्यासवर्गात फळ्यावर असा मांडतो. आकडे केवळ रीत समजण्यासाठी धरले आहेत, दर जागोजाग बदलतात. समजा ४,००० बोटुकली ५ रुपये दराने घेतली : २०,००० रुपये. काही मेली, उरलेल्यांचे ३,००० किलो मासे झाले. एक किलो माशाला दीड किलो खाद्य धरले, तर ४,५०० किलो खाद्य, ४० रुपये दराने १,८०,००० रुपये. एकूण खर्च २ लाख. मासा ९० रुपयांनी विकला, तर २ लाख ७० हजार आले. हाती उरले ७० हजार. त्यातूनच जाळ्याची डागडुजी, बर्फ, वाहतूक आणि वर्षभराची मेहनत भागवायची.

आता दुसरी बाजू. खाद्यासाठी व्यापाऱ्याकडून उसने घेतले आणि त्या बोलीवर मासा त्यालाच ७० रुपयांनी द्यावा लागला. आले २ लाख १० हजार. हाती उरले फक्त १० हजार! मासा तेवढाच, मेहनत तेवढीच. किलोमागे २० रुपये गेले आणि वर्षच गेले.

म्हणून आपल्या देणगीने पिंजरा विकत घेण्यापेक्षा तीन कामे आधी व्हावीत. कुटुंबाच्या वाट्यासाठी बिनव्याजी फिरता निधी, जो परत आला की पुढच्या कुटुंबाला जाईल. खाद्यासाठी आणि बर्फाच्या पेटीसाठी खेळते भांडवल, म्हणजे व्यापाऱ्यापुढे हात पसरावा लागणार नाही. आणि संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण आणि दाव्याच्या कागदपत्रांचा खर्च. हे तिसरे काम फोटोत दिसत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही. पण पायाही घराच्या फोटोत दिसत नसतो.

सरकारी वाटाही सोडू नये. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळू शकते. कातकऱ्यांसारख्या गटांसाठी नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या धरती आबा अभियानात वनहक्कधारकांच्या मत्स्यशेतीसाठी मदतीची तरतूद आहे. वनहक्काचा दावा आणि निधी यांचा धागा येथे जुळतो.

७. उचल येण्याआधी

या पाठातला सर्वांत नाजूक भाग हा आहे. कातकरी कुटुंबांच्या वर्षाचा आकार वीटभट्टीने ठरवला आहे. पाऊस संपता संपता घरातले धान्य संपते. दिवाळीच्या सुमारास मुकादम येतो आणि उचल देतो. उचल घेतली की नवरा-बायको, लेकरे, कोंबड्या सगळे भट्टीवर. पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात, तेव्हा पुष्कळदा उचल फिटलेली नसते. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे, पण भुकेवर कायदा चालत नाही.

आता मत्स्यशेती या वेळापत्रकावर ठेवून पाहा. कोठाराला आठ-दहा महिने रोज खाद्य घालावे लागते. कुटुंब नोव्हेंबरात निघून गेले, तर पिंजरा कोण सांभाळणार? अनेक ठिकाणी योजना बंद पडल्यावर लोक आळशी आहेत असे म्हटले जाते. लोक आळशी नव्हते, ते भट्टीवर विटा थापत होते.

पाळणा मात्र या वेळापत्रकात बसतो. अर्धबोटुकली जुलै-ऑगस्टमध्ये मिळते, तेव्हा लोक घरी असतात. ऑक्टोबरपर्यंत ती बोटुकली होते आणि जलाशयात सोडता येते. पुढे हिवाळ्यापासून पाणी ओसरेल तशी आधी सोडलेल्या बीजाची मासेमारी सुरू होते. पण बीज मोठे व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिले एक वर्ष रिकामे जाते. त्या वर्षी दिवाळीआधी कुटुंबाच्या हाती धान्य आणि थोडी रक्कम असेल, तरच मुकादमाला नाही म्हणता येते. तीच मदत मार्चमध्ये आली तर उपयोगाची नाही, कारण घराला तेव्हा कुलूप असते. देणगी किती आली याइतकेच ती कोणत्या महिन्यात पोचली, याला महत्त्व आहे.

८. प्रशिक्षण कसे असावे

प्रशिक्षण म्हणजे सभागृहात दोन दिवस, एक फाइल आणि एक प्रमाणपत्र, असे नसावे. अभ्यासवर्गात आम्ही पुढील रीत धरली आहे.

पहिले, वर्ग पाण्याकाठी आणि संध्याकाळी घ्यावा. दिवसाची मजुरी बुडवून कोणी येत नाही.
दुसरे, बायकांना बोलवावे. मासा बहुधा पुरुष धरतो, पण निवडते, वाळवते आणि विकते ती बाई. हिशेबाची वही तिच्या हाती असावी.
तिसरे, वजनकाटा वाचायला शिकवावे. काट्यावरची फसवणूक हे मोठे नुकसान आहे आणि ते एका संध्याकाळच्या शिकवणीने थांबू शकते.
चौथे, जाळ्याचा आस दाखवून बोलावे. बारीक आसाच्या जाळ्यात आज लहान मासा येतो आणि उद्याचा मोठा मासा जातो.
पाचवे, पावसाळ्यातली बंदी संस्थेने स्वतः ठराव करून पाळावी. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट ही बंदी असते. स्वतः केलेला नियम सरकारी नियमापेक्षा जास्त पाळला जातो.
सहावे, दोन तरुणांना, त्यांत एक मुलगी, अर्ज लिहिणे, सभेचे इतिवृत्त ठेवणे आणि बँकेचे व्यवहार शिकवावेत. संस्था मोडते ती बहुधा कागदावर मोडते.

९. मनन

प्रभूने आपले पहिले शिष्य मासेमारांतून निवडले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पुनरुत्थानानंतरच्या सकाळी सरोवरावर जे घडले, त्यातला एक लहानसा तपशील मला नेहमी थांबवतो. मासे पुष्कळ होते, तरी जाळे फाटले नाही. सेवेचे काम करणाऱ्यांनी त्यावर मनन करावे. आपल्याला मासे मोजायला आवडते, अहवालात तेच लिहायचे असते. पण जाळे टिकले का? लोकांची एकी, त्यांचा हक्क, त्यांची वही, त्यांचा बाजार हे त्या जाळ्याचे दोर आहेत. मदत कोणत्या धर्माच्या, कोणत्या आडनावाच्या घराला जाते हे न पाहता हे दोर बळकट करणे हीच आपली सेवा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या जवळच्या धरणात किंवा तलावात मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे? त्या संस्थेचे किती सभासद प्रत्यक्ष पाण्यात उतरतात?
२. आपल्या परिसरातल्या कातकरी वस्तीची मुले कोणत्या महिन्यापासून शाळेत दिसेनाशी होतात? त्याआधी काय करता येईल?
३. एका पिंजऱ्याला देणगी द्यावी की दहा कुटुंबांच्या फिरत्या निधीला? दोन्ही बाजूंनी बोला.
४. आपल्या मंडळीत वकील, हिशेबनीस, निवृत्त शिक्षक किंवा बँक कर्मचारी कोण आहेत? महिन्यातली एक संध्याकाळ ते वस्तीवर देऊ शकतील का?

प्रार्थनेचे विषय

धरणकाठच्या वस्त्यांसाठी, भट्टीवर असलेल्या लेकरांसाठी, वनहक्काचे दावे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना न्यायबुद्धी मिळावी यासाठी, आणि यंदाचा निधी पावसाळ्याआधी जमून दिवाळीआधी पोचावा यासाठी.

आपल्या गटात झालेल्या चर्चेचा सारांश, विशेषतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर, आम्हांला अवश्य लिहून कळवा. कोणत्या पाण्यावर कोणाचा हक्क आहे याची यादी तयार झाली, तर पुढची पावले कुठे टाकायची हे ठरवणे सोपे जाईल.